मोठ्या आट्याचा स्क्रू

"हे घ्या तुमचे खिळे," असं म्हणून पारूबाईनं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि गफूरभाईंच्या काउंटरवर आदळल्या. "आन माज्या लेकाचं गेलेलं नाव तेवडं काडून द्या. नांदेडात आणिक कायबी नगं मला."

गफूरभाई चष्मा पुसत होते. सकाळचे साडेदहा झाले होते, गल्लीतली निम्मी शटरं अजून अर्ध्यातच अडकलेली होती. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, बाटल्यांकडे पाहिलं, मग बाईकडे. वय साठीच्या आतबाहेर, अंगानं वाळलेली, पण पाठीचा कणा असा की भिंतीला टेकवून कुणी रेघ मारून घ्यावी.

"खिळे न्हाईत बाई हे. स्क्रू हायेत."

"मला नगा शिकवू. डोकं हाय, टोक हाय, मंजे खिळाच. ठोकायच्या ऐवजी फिरवायचा, येवडंच."

"बसा तर खरं. कुटून आलात?"

"लातूरहून. पाचच्या एस्टीत बसले. रविकांतची माय हाय मी. वळखलात का, का आता वळखबी न्हाई?"

गफूरभाईंनी ओळखलं. तीनच दिवसांपूर्वी रविकांत फोनवर त्यांना जे बोलला होता ते त्यांना त्यांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात कुणी बोललं नव्हतं. आधी घड्याळं, मग शिलाई मशीन, मग रेडिओ, आणि आता कॉम्प्युटरचे सुटे भाग. दिवस बदलले तसा त्यांनी माल बदलला होता, दुकान तेच ठेवलं होतं.

त्यांनी आत हाक मारून पाणी मागवलं. पारूबाईनं पेला उचलून वरून घटाघटा पाणी घशात सोडलं, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा सुरू झाली.

रविकांतचं दुकान लातूरला, क्लासेसच्या गल्लीत. भूकंपाला तेव्हा नऊ वर्षं होत आली होती आणि लातुरात आता पोरांचा पूर आला होता. घराघरात कॉट टाकून पोरं ठेवलेली, कोपऱ्याकोपऱ्यावर सरांचे फोटो टांगलेले. त्यातल्या मन्मथ सरांनी ठरवलं की आपल्या क्लासची टेस्ट कागदावर नाही, कॉम्प्युटरवर घ्यायची. वीस कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम रविकांतला मिळालं. माल गफूरभाईंचा. मशीनं बसवून चार दिवस नाही झाले तोच एकाच्या आतून घरघर यायला लागली. दुसऱ्याच्या आतलं काहीतरी हलायला लागलं. तिसऱ्याचं टेबल पोरांनी सरकवलं, तर आतली चालू हार्ड डिस्क सुटून खालच्या पत्र्यावर आपटली आणि बंद पडली. पोरांचे मागच्या तीन महिन्यांचे मार्क सरांनी कागदांवरून आधीच तिच्यात भरून ठेवले होते.

"उद्या रईवारची टेस्ट हाय," पारूबाई म्हणाली. "सर म्हनले, आज सांजंपतूर वीसच्या वीस मशिनी धड न्हाई झाल्या तर सगळ्या उचलून न्या. आन गल्लीतल्या बाकीच्या क्लासवाल्यांना बी सांगतो म्हनले, ह्याच्या नादी लागू नका. तुमच्या ह्या दोन बाटल्यांपायी माजं लेकरू गल्लीतून उठायलंय."

"बाटल्या म्याच दिलो होतो," गफूरभाई म्हणाले. "लाल झाकणाची हार्ड डिस्कला, निळ्या झाकणाची सीडी ड्राइव्हला. रविकांतला तसं सांगितलो बी होतो."

"त्यानं बी मला तसंच सांगितलं."

"तुमाला?"

"मंग? ते वायरी जोडून राहिलं होतं क्लासमदी, हिकडं दुकानात स्क्रू कोन पिळणार? दोन दिसांत वीस पेट्या. चार कोपऱ्याला चार, चार कोपऱ्याला चार. म्याच पिळले. लालवाले डिस्कला लोण्यात सुरी जावी तसे गेले. निळ्यातले निम्मे मातर सीडीच्या डब्यात जायनातच. एक येढा घेतला की अडायचे. तुमच्या सीडीच्या डब्याचीच भोकं वाकडी."

गफूरभाई हसले नाहीत. त्यांनी लाल झाकण उघडलं, बाटलीतून दोन स्क्रू काढले आणि काउंटरवर एक पांढरा कागद पसरून त्यावर ठेवले.

"हे दोन सारके हायेत का, बगा."

"सारके," पारूबाई बघता बघताच म्हणाली.

"डोळ्यानं नका बगू. अंगठ्याचं नख फिरवा."

तिनं पहिला उचलला. देठावरून नख ओढलं. नख पायऱ्या उतरल्यासारखं ठेचकाळत गेलं. दुसरा उचलला. नख सरकलं ते बारीक चरचरत. तिनं पुन्हा पहिला घेतला. पुन्हा दुसरा. भांडायला आलो आहोत हे ती तेवढ्यापुरतं विसरली.

"आगं बया. ही इचरायची फणी, आन ही उवा काडायची."

"हौ. बरोबर बोलल्या. ह्याला आटे म्हनतात. ह्याचे मोठे, ह्याचे बारीक."

गफूरभाईंनी खालच्या खणातून एक मेलेली हार्ड डिस्क काढली. बारीक आट्याचा स्क्रू तिच्या भोकात लावला आणि नुसत्या चिमटीनं फिरवला. तो आत गेला.

"बगा!" पारूबाई उसळली. "असेच गेले सगळे. काय खोट हाय त्यात?"

"आता डोकं धरा आन वडा."

तिनं डोकं धरलं आणि ओढलं. स्क्रू न फिरवता, ओल्या मातीतून उपटलेल्या भुईमुगाच्या रोपासारखा तिच्या हातात आला.

गफूरभाईंनी मोठ्या आट्याचा स्क्रू त्याच भोकात लावला. पेचकसानं पिळला. तो सुरुवातीपासून जरा कुरकुरतच गेला. पारूबाईनं तोही ओढून पाहिला. बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत ओढला.

"धरलं की ह्यानं."

"धरतो. त्याच्याच मापाचं भोक हाय ते. बारीकवाला दिसतो बसल्यावानी, पन धरत न्हाई कुनाला. मशीन थरथरलं की निसटतो."

पारूबाई स्टुलावर पुढं सरकून बसली. "एका पेटीत दोन मापं कामून केली मंग?"

"म्या बी विचारलो होतो मुंबईच्या माणसाला. म्हनला, डिस्कवाले इंचाचं माप धरून बसलेत, सीडीवाले मिलिमीटरचं. कोनी हटत न्हाई."

"मंजे एक पायलीवाला आन एक किलोवाला."

"अगदी."

"आन पायलीवाल्याला कुनी सांगितलं न्हाई, बाबा रे, किलो येऊन जमाना झाला म्हनून?"

गफूरभाई आता मात्र हसले. पारूबाईचे प्रश्न संपत नव्हते. लांब स्क्रू का चालत नाही? आत टोक कशाला टोचतं? डोकं चपटं कशाला, घुमटावानी कशाला? गफूरभाईंनी डिस्क उलटी करून सर्किटची हिरवी पट्टी दाखवली, लांब स्क्रू लागला तर त्याचं टोक कुठंवर जाईल ते काडीनं दाखवलं. तिनं डिस्क हातात घेऊन तांब्या तोलावा तशी तोलली. एवढ्याशा डब्यात तीन महिन्यांचे मार्क राहतात कसे, हेही विचारलं. त्याचं उत्तर गफूरभाईंनाही धड देता आलं नाही आणि त्यांनी ते कबूल केलं. त्यामुळं ते तिला थोडे बरे वाटले. न येणाऱ्या गोष्टीला 'येत नाही' म्हणणारा माणूस तिनं लातुरात बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मग त्यांनी दहा स्क्रू एकत्र करून तिच्यापुढं सारले. तिनं डोळे मिटले. नख चालत गेलं आणि कागदावर दोन ढीग झाले. गफूरभाईंनी एकेक तपासला.

"दाही बरोबर. मला हे यायला दोन वर्षं लागली होती."

पारूबाईचा चेहरा खुलला. "तीस वर्सं डाळ मिलात निवडायला होते. तूर म्हना, मूग म्हना, माज्या बोटांतून एक खडा म्हनून गेला न्हाई. बाकीच्या बायांच्या पोत्यात मुकादम कोपरापतूर हात घालून बगायचा. माज्या पोत्याला हात लावत न्हवता. म्हनायचा, पारूबाईचं हाय, शिवून टाका."

"मंग बसा. ही बाटली निवडून काडू. किती मिसळलेत ते कळंल."

त्यांनी लाल झाकणाची बाटली कागदावर पालथी केली. दोघं निवडायला बसले, समोरासमोर, जशी मिलात बायकांची ओळ बसते तशी. मोठे इकडं, बारीक तिकडं. दोन्ही ढीग सारखेच वाढत गेले.

"ही बाटली माज्या हातून गेली ती चोख गेली," गफूरभाई निवडता निवडता म्हणाले. "म्या सोता भरलो होतो. नंतर कुनीतरी मिसळलंय. आन बगा, फेकाफेकी करून न्हाई. लई नीट मिसळलंय."

शेवटचे स्क्रू उचलले गेले. पांढऱ्या कागदावर खाली काहीतरी उरलं होतं. गफूरभाईंनी त्याला बोट लावलं, चष्म्याजवळ नेलं.

"ही पिवळी भुकटी कसली? पॅकिंगला आमी काय पावडर लावत न्हाई."

पारूबाईला जवळ घेऊन बघायची गरज नव्हती. तुरीची चुनी, डाळ भरडताना पडणारा तो भुगा, ती अंधारात नुसत्या वासावर ओळखत असे. तीस वर्षं ती तिच्या केसांत, नखांत, लुगड्याच्या निऱ्यांत राहिली होती.

कामाला बसायच्या आदल्या दुपारी तिनं त्या दोन बाटल्या उघडून पाहिल्या होत्या. दोन्हीत थोडे मोठ्या डोक्याचे, थोडे बारीक डोक्याचे. एका मालात दोन आकार, हे तिच्या डोळ्याला खुपलं. मिलात असा माल कुणी पुढं पाठवला असता तर तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तिनं मिल सोडताना आणलेली आपली चाळणी काढली. दोन्ही बाटल्या तीत ओतल्या, चाळल्या. वर राहिले ते मोठ्या डोक्याचे, लाल झाकणात. खाली पडले ते बारीक डोक्याचे, निळ्यात. डोकी वेगळी झाली, आटे मात्र दोन्हीकडं मिसळले. झाकणं घट्ट लावली. आता कसं, नजरेला बरं दिसतंय, असं स्वतःशी म्हणालीसुद्धा. रविकांतला सांगायचं तिच्या मनातच आलं नाही. चाळून ठेवलेल्या मालाचं काय सांगायचं असतं?

काउंटरपुढं तिनं बोटांना लागलेली भुकटी पदराला पुसली. गफूरभाईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं, मग तिच्या हातांकडं पाहिलं. मग कागद उचलून दुकानाबाहेर झटकला आणि घडी करून खणात ठेवला.

"असं करा बाई," ते आत येत म्हणाले. "नव्या दोन बाटल्या देतो. मेलेल्या डिस्कच्या बदल्यात डिस्क देतो. लेकाला सांगा, गफूरभाई म्हनला, गलती माज्या दुकानाची. बात खतम."

"तुमची कशी?"

"माजं वय झालं. भरताना झाली असंल. गिऱ्हाईक राहिलं पायजे, बाकी काय."

तिनं बाटल्या पिशवीत टाकल्या, डिस्कचं खोकं पदरात गुंडाळलं, आणि राम राम न म्हणता, सलाम न करता दुकानाच्या पायऱ्या उतरली. आयुष्यात पहिल्यांदा ती भांडण अर्धं टाकून निघाली होती.

परतीच्या एस्टीत खिडकीची जागा मिळाली. गफूरभाईंनी वाट करून दिली होती; तिनं फक्त चालायचं होतं. लोहा गाव येईपर्यंत तिनं स्वतःला बरंच समजावलं. त्यानंच म्हटलं, आपण थोडंच मागितलं? लेकराचा संसार वाचला, झालं. पारूबाईच्या हातून चूक झाली हे कळून कुणाचं भलं होणार आहे?

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी पंधरा मिनिटं थांबली. सगळे चहाला उतरले. ती बसून राहिली आणि तिला व्यंकटी आठवला.

व्यंकटी तिचा नवरा. गावातलं घर त्यानं आपल्या हातानं रचलं होतं. दगडावर दगड, मध्ये माती, हातभर रुंदीच्या भिंती. पाहुणा आला की भिंतीवर थाप मारून म्हणायचा, "हत्ती बांधा." भूकंप झाला तेव्हा पारूबाई आणि रविकांत लातुरात होते, मिलाच्या हंगामामुळं. व्यंकटी घरात होता. नंतर कुणी एक साहेब आला होता, पडलेल्या भिंती बघत हिंडत होता. तो म्हणाला होता, दगड चांगले होते हो, पण दगडाला दगड धरत नव्हता. पारूबाईला त्या साहेबाचा संताप आला होता. व्यंकटीचाही आला होता, पण तो कुणाला सांगायची सोय नव्हती. नऊ वर्षं ती मनातल्या मनात त्याला एकच म्हणत आली होती: एकदा म्हणून टाक, माझं चुकलं. मग मी बघते कोण तुला बोलतंय ते. पण व्यंकटी काही म्हणू शकत नव्हता.

आणि ती तर धडधाकट बसली होती. खिडकीची जागा मिळवून.

गाडी सुटली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पिशवी खाली ठेवा की." तिनं ऐकलं नाही.

साडेचारला ती मन्मथ सरांच्या क्लासवर पोचली. जिन्यापासूनच चपलांचा ढीग लागला होता. मधल्या हॉलमध्ये कॉम्प्युटर फरशीवर उघडे पडले होते, आणि त्यांच्या मध्ये रविकांत मांडी घालून, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. शेजारच्या वर्गात रसायनशास्त्र चालू होतं. मन्मथ सर दारात उभे होते, हाताची घडी घालून.

"या मावशी," सर म्हणाले. "काय म्हणतोय नांदेडवाला?"

"काय म्हननार?" रविकांतनं मान वर न करता उत्तर दिलं. "आता कबूल केलं असंल. माज्या मायीपुढं कोनाचं चालतंय? त्या माणसाकडून आता टाचनी बी घेनार न्हाई मी, सर. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, त्याचा माल उचलू नका म्हनून."

"सगळ्यांना सांगितलास?" पारूबाईनं विचारलं.

"सांगितलो की."

तिनं पिशवी खाली ठेवली. नव्या बाटल्या काढून त्याच्यासमोर मांडल्या, डिस्कचं खोकं मांडलं. मग उभी राहिली.

"फोन लाव त्याला."

"आता कशाला, माय? येळ न्हाई. सहाच्या आत..."

"लाव म्हनलं ना."

सरांच्या टेबलावर फोन होता. सरांनी भुवया उंचावल्या, पण मान हलवली. रविकांतनं नंबर फिरवला आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"कोन? गफूरभाई का? मी पारूबाई. लातूरहून."

"बोला बाई. पोचलात ना नीट?" आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता.

"पोचले. ऐका. बाटल्या म्या चाळल्या होत्या. चाळणीनं. गलती माजी हाय, तुमची न्हाई."

रविकांतचा हात मशीनच्या आत थांबला.

पलीकडून गफूरभाई म्हणाले, "काय बोलता बाई, ऐकू येत न्हाई. लाइन खराब हाय. जाऊ द्या, मागून बोलू."

पारूबाई ओळखून होती. असं कानाडोळा करून समोरच्याची लाज झाकणारी माणसं तिनं पाहिली होती; ती स्वतः त्यांतली नव्हती, एवढंच.

"लाइन चांगली हाय," ती म्हणाली. "माजं चुकलं म्हनते मी."

"हॅलो? हॅलो? बाई, आवाजच येत न्हाई बगा..."

तिनं छाती भरून श्वास घेतला. मिलात यंत्रांच्या खडखडाटात या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला हाक मारते, तो आवाज तिनं लावला.

"माजं चुकलं! स्क्रू म्या मिसळले! पारूबाईनं! तुमचा माल चोख होता!"

शेजारच्या वर्गातलं रसायनशास्त्र थांबलं. दारातून पोरांची डोकी डोकावली. जिन्यात चपला शोधणाऱ्या दोन मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या. मन्मथ सरांची हाताची घडी सुटली आणि पुढं हात कुठं ठेवावेत हे त्यांना सुचेना.

"आलं बाई," गफूरभाई हळू म्हणाले. "आलं ऐकू."

"मंग ठेवते."

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. तो नीट बसला की नाही ते एकदा दाबून पाहिलं. मग सरांकडं वळली.

"सर, तुमची डिस्क माज्या हातानं गेली. पोरांच्या मार्काचे कागद असतील तर काडून ठेवा. मला लिहिता येत न्हाई, पन येक येक आकडा वाचून दाकवंन. आकडे येतात मला."

"बघू," सर म्हणाले. "बघू मावशी. आधी हे होऊ द्या." आणि दारातल्या पोरांवर उगाचच खेकसले, "काय तमाशा आहे? बसा आत."

रसायनशास्त्र पुन्हा सुरू झालं. रविकांत तसाच बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलताना पकडला गेला की व्हायचे तसे. पण आज तो काही खोटं बोलला नव्हता, फक्त चुकीच्या माणसाला बोलला होता, आणि गल्लीभर बोलला होता. ते त्याचं त्याला निस्तरायला लागणार होतं. पारूबाईनं त्याला त्यावर काही सांगितलं नाही.

तिनं लुगड्याचा काष्टा खोचला.

"किती राहिल्या?"

पेचकस फिरत राहिला. एक स्क्रू सुटून फरशीवर पडला, घरंगळत गेला. रविकांतनं तो उचलला नाही.

"अकरा," तो म्हणाला.

आणि मान खाली घालूनच, मांडी न सोडता, तो हाताच्या तळव्यांवर भार देऊन फूटभर बाजूला सरकला.